शिट्टी, मांजर आणि इतर फटी

४ ऑक्टोबर

चि. ठकीस,

आशीर्वाद. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला 'चिरंजीव' आणि 'ठकी' एकाच ओळीत म्हणण्याचा अधिकार जगात आता माझ्याकडेच उरला आहे, तो बजावून घेतो.

डॉक्टर काय म्हणाले ते तू फोनवर "हं", "बरं" आणि "बघू" या तीन शब्दांत सांगितलंस. फोन बाबांच्या उशाशी असतो हे ठाऊक असल्यामुळे मी उलटतपासणी केली नाही. तुझ्या चिठ्ठीवरून अर्थ लागला तो असा: गेल्या हिवाळ्यात बाबांना दोनदा न्यूमोनिया झाला, तिसरा त्यांची छाती सोसणार नाही, तेव्हा एकतर घरात वारा शिरणं बंद करा, नाहीतर हिवाळाभर त्यांना थोरल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, शहरात हलवा. यावर बाबांनी तुझ्याकडून वचन घेतलं की त्यांना त्यांच्या घरातून हलवायचं नाही, आणि तू ते हातातली सुई खाली न ठेवता देऊन टाकलंस.

म्हणजे आता पक्ष एकच उरला. ज्या माणसानं चाळीस वर्षं गावभर खिडक्या बसवल्या, त्याच्या स्वतःच्या घरातली एकही खिडकी धड लागत नाही. या अवस्थेला शब्द शोधत होतो; माझ्या तीस वर्षांच्या संस्कृत अध्यापनात तो कुठे आढळला नाही.

वाचनालयातून या विषयावरचं पुस्तक आणलं आहे. त्याचं सार देतो, भाष्य मागाहून. वारा सुटलेला दिवस बघून मेणबत्ती पेटव आणि प्रत्येक चौकटीच्या कडेनं सावकाश फिरव. ज्योत वाकेल तिथे फट. काचेभोवतीची वाळलेली लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडून नवी भरायची. झडपांना रबरी पट्टी. दारांच्या तळाशी वाळू भरलेली कापडी नळी; ती तू डोळे मिटून शिवशील. उत्तरेकडच्या भिंतींना थर्मोकोल लावून वरून जाड कापड ताणायचं. शेगडीचं धुराडं आणि तिच्यामागचा झरोका यांना मात्र हात लावायचा नाही, नाहीतर थंडीऐवजी धुरानं जाल आणि पुस्तकाचा लेखक हात वर करील.

तुझी वहिनी विचारते, मदतीला कुणी आहे का. मी म्हटलं, तिच्याकडे शिवणयंत्र आहे आणि जीभ आहे.

तुझा,
दादा


१३ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण फरशी फार गार आहे.

काल वारा होता म्हणून मेणबत्ती घेऊन निघाले. बाबा म्हणाले, मीही येतो. मला वाटलं, आता प्रत्येक खिडकीशी थांबून ती कुठल्या लाकडाची ते ऐकावं लागणार. झालं भलतंच. मी ज्योत धरायच्या आधीच बाबा सांगायचे. हात पाठीशी बांधलेले, मान किंचित वर, आणि "इथे. गुडघ्याएवढ्या उंचीवर. डावीकडे." ज्योत नेली की बरोबर तिथेच वाकायची. सगळ्या घरात एकदाही चुकले नाहीत.

म्हटलं, "बाबा, मेणबत्ती फुकट गेली की."

"मग विझव," म्हणाले, "उगाच जळतेय."

फटींना त्यांनी नावं ठेवली आहेत, तुला ठाऊक होतं? स्वयंपाकघराच्या दाराखालून येते ती मांजर, कारण पायांत घोटाळते. पुढच्या खोलीतल्या खिडकीतून येतो तो पाहुणा. सरळ तोंडावर येतो आणि जायचं नाव घेत नाही. न्हाणीघराशी एक म्हातारी आहे, बारीक कण्हत असते. आणि वर, जिना जिथे सुरू होतो तिथल्या गोल खिडकीतली ती शिट्टी. इतकी वर्षं मी या घरात राहते, आणि या मंडळींशी माझी ओळख काल झाली.

शाळेच्या कोटांची ऑर्डर चालू आहे, त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. लांबीचा डबा आणला. बाबांनी तो हुंगून पाहिला आणि म्हणाले, तेल कमी आहे. वापरायला हरकत नाही असंही म्हणाले, पण तोंड असं केलं की दुकानदार समोर असता तर त्यानं डबा परत घेतला असता.

त्यांच्या मोतीबिंदूचं पुन्हा लांबणीवर पडलं. दिसतं तेवढं पुरे, म्हणतात. पेपर मीच वाचून दाखवते. बाईच्या आवाजात बातमी कमी वाईट वाटते, असं त्यांचं मत आहे.

एक विचारायचं आहे. बाबा म्हणतात, "बाकीच्या बुजव. शिट्टी राहू दे." का, विचारलं तर म्हणाले, "सवय झालीय तिची." खिडकी वीतभर आहे, पण तिच्यातून येणारा वारा थेट त्यांच्या खोलीच्या दारात जातो. काय करू? तू सांग, म्हणजे शिव्या तुला.

ठकी


१९ ऑक्टोबर

चि. ठकीस,

अर्ज मिळाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं विचारात घेण्यात आलं.

वादी, वय अठ्ठ्याहत्तर, यांचं म्हणणं की शिट्टीचा सहवास जुना आहे. मान्य. परंतु पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की घरातल्या सगळ्या फटी बुजवून एक ठेवली तर बाहेरचा सगळा वारा तिच्याच तोंडी लागतो. शिवाय खोकलासुद्धा त्यांच्या सवयीचाच आहे. म्हणून तो आपण पाळत नाही. सबब शिट्टीला क्षमा नाही. लांबी, पट्टी आणि वरून कापडाची घडी, असा तिहेरी बंदोबस्त व्हावा. बाबांना सांग की निकाल थोरल्याचा आहे आणि अपील चालत नाही.

मांजरीबद्दल मात्र वाईट वाटलं. लहानपणी त्या दाराशी माझे पाय नेहमी गार पडायचे, आणि मी तो माझ्या प्रकृतीचा दोष समजत होतो.

दादा


२ नोव्हेंबर

ती. दादास,

झालं सगळं. शेवटची शिट्टी बुजवली परवा. बाबा माझ्यामागे लांबीचा डबा धरून उभे होते. मी म्हटलं, दादाचा निकाल आहे. "थोरला शिकलेला आहे," एवढंच म्हणाले.

घर ओळखू येत नाही. सकाळी अंगावर शाल न घेता चूल पेटवली, असं कधी झालंय? आणि शांतता अशी की वरच्या मजल्यावर माझं शिवणयंत्र चालतं ते खाली भांड्यांत ऐकू येतं. बाबांचा खोकला अर्ध्यावर आला. डॉक्टर येऊन गेले, भिंतीवर हात फिरवून म्हणाले, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर लोकांचा कधीकधी उपयोग होतो."

बाबा मात्र गप्प झालेत. दिवसभर खुर्चीत बसून असतात. परवा स्वयंपाकघरात येताना मधेच थांबले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. मी विचारलं, काय हवंय? म्हणाले, "काही नाही. उंबरा कुठे गेला तो बघतोय." मी हसले. ते पण हसले. नडगीवर एक निळं झालंय, स्टूल वाटेत होतं म्हणतात. स्टूल तिथेच असतं, वीस वर्षं.

काल जेवायला बोलावलं तर न्हाणीघराकडे निघाले होते. वय झालं, दुसरं काय. कधी वाटतं, डोक्यावर परिणाम तर नाही ना होत? ऊब मानवत नाही असं असतं का कुणाला?

ठकी


८ नोव्हेंबर

चि. ठकीस,

डोक्यावर परिणाम वगैरे काही नाही. हा रुसवा आहे. चाळीस वर्षं चौकटी जुळवलेल्या माणसाच्या घरात त्याच्या मुलीनं चिंध्या कोंबल्या, तेही दुसऱ्याच्या पुस्तकावरून. मला जर कुणी माझ्याच वर्गात येऊन संधी शिकवू लागलं तर मीही न्हाणीघराकडेच निघेन.

त्यांना काहीतरी काम दे. झडपांची पट्टी नीट बसली का, ते त्यांनाच तपासायला सांग. कारागिराला दोष काढायला मिळाला की भूक लागते. खोकला अर्ध्यावर आला हे मात्र मी वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ऐकलं.

इकडे परीक्षा जवळ आल्या आहेत. मुलांना रूपं येत नाहीत, मला त्यांची कीव येत नाही, असा समतोल आहे.

दादा


२५ नोव्हेंबर

दादा,

पत्राला उशीर झाला. कोटांच्या ऑर्डरमुळे, असं लिहिणार होते. लिहून खोडलं.

बाबा सोळा तारखेला जिन्यावरून पडले. सकाळी चहाला खाली यायला निघाले होते. मी चुलीशी होते, धावत गेले तर खालच्या पायऱ्यांवर आडवे. खुब्याचं हाड मोडलंय. दवाखान्यात सहा दिवस होते. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणाले, म्हणून तसेच पडून राहायचं. परवा घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय.

दवाखान्यातून तुला फोन करता आला असता. केला नाही. तू म्हणाला असतास, आता इकडेच आण. आणि मी नाही म्हणू शकले नसते.

हे सगळं नाही सांगायचं होतं. सांगायचं आहे ते पुढे आहे.

तिथल्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "यांना दिसत नाही तेव्हापासून कोण सांभाळतं?" मी म्हटलं, मोतीबिंदू आहे, थोडं कमी दिसतं. ते म्हणाले, मोतीबिंदू नाही बाई, मागची नस गेली आहे. उजेड आणि अंधार एवढं कळत असेल. तीन वर्षं तरी झाली असतील.

तीन वर्षं, दादा. मी रोज त्यांच्यासमोर ताट ठेवते.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "खरं का, बाबा?" म्हणाले, "घरात बघायचं काय होतं पोरी? शिट्टी डाव्या कानाशी आली की पहिली पायरी. मांजर घोट्याला लागली की उंबरा. पाहुणा गालावर आला की खुर्ची दोन पावलांवर. सगळं जागच्या जागी होतं."

"मग मी बुजवत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर थोरल्यानं नेलं असतं. वाटलं, होईल सवय."

मेणबत्तीच्या आधी कसे सांगायचे ते आता कळलं. आणि मी प्रत्येक फट माझ्या हातानं बुजवली. ते डबा धरून मागे उभे होते. एक फट बुजली की विचारायचे, "आता कुठली?" मी नाव सांगायची.

ठकी


२९ नोव्हेंबर

चि. ठकीस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. उत्तराचे तीन मसुदे केले, तिन्हीत कुठेतरी एक विनोद होता. फाडले.

तू बुजवलंस म्हणून लिहितेस. तू मला विचारलं होतंस. त्यांनी एकच मागितली होती आणि मी न्यायाधीशाचं सोंग घेऊन ती नाकारली. अपील चालत नाही, असंही लिहिलं.

आणखी एक, जे तुला कधी कळलं नसतं. तू वचन दिल्याची चिठ्ठी आली त्या दिवशी मी वहिनीला म्हणालो, "ठकीनं फारच घाई केली." मग दुसरा चहा मागितला. सुटल्यासारखं वाटलं होतं मला. त्यानंतर तुला पानंच्या पानं सूचना लिहिणं सोपं गेलं.

रविवारी येतो. तीन दिवसांची रजा मिळाली आहे. बाबांना आधी सांगू नकोस, उगाच वाट बघत राहतील.

दादा


१२ डिसेंबर

दादा,

तू येऊन गेलास ते बरं झालं असं सगळे म्हणतात. मी पण म्हणते. पण झालं काय ते ऐक.

घरी आणल्यापासून बाबा अधूनमधून विचारत होते, "हे कुठे आणलंस?" मला वाटायचं, गुंगीत असतील. तू आलास, त्यांच्या उशाशी बसलास, बोललास, आणि त्यांची खात्री पटली. उबदार खोली, वारा नाही, आवाज नाही, उशाशी थोरला. ते तुझ्या घरी आहेत, दादा. त्या तीन दिवसांत ते तुझ्याशी इतकं सांभाळून का बोलत होते ते कळलं का तुला? "तुम्हाला त्रास होतोय माझा," असं त्यांनी तुला दोनदा म्हटलं, आणि तू मान खाली घातलीस. ते तुला नव्हतं, यजमानाला होतं.

तू गेल्यावर मला म्हणाले, "थोरला कामावर गेला का?" मी म्हटलं, तो शहरात गेला, त्याच्या घरी. तर हसले.

मी म्हटलं, "बाबा, हे आपलंच घर आहे. तुमच्या हातची खिडकी आहे ही."

"असं सांगायला सांगितलंय ना तुला त्यानं?" म्हणाले, मला वहिनी समजून. "सांग बाई सांग. तुझा काय दोष."

त्यांचा हात धरून भिंतीला लावला. भिंतीवर थर्मोकोल आणि कापड. हात काढून घेतला त्यांनी. "आपली भिंत गार असते," म्हणाले.

रागवत नाहीत, हेच सोसवत नाही. पाहुण्यासारखे वागतात. पाणी हवं असलं तर मागत नाहीत, मी आत आले की मग "जमलं तर थोडं" म्हणतात. चादर विस्कटली तर माफी मागतात. आणि रोज संध्याकाळी एकदा, अगदी हळू, "मला आता घरी सोडाल का? बरं वाटतंय मला." काल म्हणाले, "ठकीनं शब्द दिला होता. तिला कळवलंत का, मी इथे आहे ते?" दादा, मी समोर बसले होते.

जेवण जवळजवळ बंद आहे. दोन घास खाल्ले की म्हणतात, पुरे, परक्याच्या घरी फार खाऊ नये.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. भले आहेत ते. म्हणाले, पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत आता एकदा वारा शिरला तर आठ-दहा दिवसांत आटोपेल. बंद ठेवलं आणि दोन घास पोटात गेले तर वसंतापर्यंत जातील, कदाचित पुढेही. मी विचारलं, असेच? ते म्हणाले, हो, असेच.

मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर तू माझ्या बाजूनं बोलशील, मला ओळखतोस म्हणून. फोन त्यांच्या उशाशी, त्यावर हे बोलवणार नाही. तू थोरला आहेस. बुजवलेलं काढू की नको, एवढंच सांग. पान भरून लिहू नकोस.

ठकी


१६ डिसेंबर

ठके,

काढ.

शिट्टीपासून सगळं काढ. भिंतीचं कापडही. कुणी विचारलं, डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, वहिनीनं, तर दादानं सांगितलं म्हणून सांग. पुढे कधी तुलाच तुझा संशय आला तर तेव्हाही हेच सांग आणि हे पत्र काढून वाच. म्हणून पोस्टकार्डावर न लिहिता पाकिटातून पाठवतो आहे.

परीक्षेचं काम दुसऱ्याला दिलं आहे. तीन दिवसांच्या रजेवर येणार नाही, राहायला येतो आहे. तेवीस तारखेला पोचेन.

दादा


२१ डिसेंबर

ती. दादास,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. त्याआधी मी काहीच काढलं नव्हतं. एकदा पुढच्या खिडकीची पट्टी नखानं थोडी उचलली होती, आणि परत दाबून बसवली.

काल संध्याकाळपर्यंत सगळं काढलं. लांबी अजून पुरती वाळली नव्हती, चाकूनं निघाली. भिंतीचं कापड ओढलं तेव्हा टाचण्यांचा आवाज झाला, बाबा दचकले. विचारलं, "काय चाललंय?"

मी म्हटलं, "सामान काढतेय."

मग वारा आला. आधी न्हाणीघराकडचा, मग दाराखालचा. शेगडीची ज्योत हलली. मी त्यांच्या अंगावर तिन्ही रजया घातल्या, डोक्याला मफलर बांधला, फक्त तोंड उघडं ठेवलं. ते स्वस्थ पडून होते. मान हळूहळू खिडकीकडे वळली. तेवढ्यात वर जिन्यापाशी सुरू झालं. त्यांनी ऐकलं. हात रजईतून बाहेर काढून भिंतीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आलो का गं?" म्हणाले.

"आलो, बाबा."

"केव्हाची वाट बघतेयस?"

म्हटलं, "झाले थोडे दिवस."

मग एका दमात म्हणाले, पाणी दे, भात असला तर मऊ करून दे, हे तीन-तीन अंगावर कशाला घातलंयस, आणि त्या बाजूची लांबी सुकलीय, उन्हाळ्यात बघू. वाटीभर भात खाल्ला. मीठ कमी आहे म्हणून मला बोलले. महिन्यानं बोलले मला.

झोपायच्या आधी त्यांनी विचारलं, "थोरला रागावला असेल ना? एवढं केलं त्यानं, आणि मी निघून आलो."

मी म्हटलं, "नाही रागावला. त्यानंच सोडलं तुम्हाला घरी."

"हो?" म्हणाले. "चांगलं केलं त्यानं."

आज सकाळपासून अंगात ताप आहे. खोकला सुटा नाही, आत खोल आहे. डॉक्टर बघून गेले, उघड्या भिंतीकडे बघितलं आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. औषध लिहून दिलंय, मी ते आणणार आहे.

तेवीसपर्यंत थांबू नकोस. हे पत्र मी आपल्या गावाहून तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. त्याच बसनं परत नीघ. जाड कपडे घे. घर फार गार आहे.

ठकी